सरकारी ऑफिसात देव्हारा, पालिका शाळेत पूजा: माहितीचा अर्ज कसा करायचा, कोण करू शकतं, काय लागतं

मुंबईत सरकारी कामासाठी फिरणाऱ्या कोणालाही हे चित्र ओळखीचं आहे, काउंटरच्या मागे देवाचा मोठा फोटो, खाली अगरबत्ती, कोपऱ्यात लाकडी देव्हारा, त्याला सरकारी लाइटचं कनेक्शन आणि वर्षातून एकदा ऑफिसातच सत्यनारायण, दुपारपर्यंत टेबलं रिकामी. बहुतेकांना यात काही वावगं वाटत नाही. ज्यांना वाटतं ते गप्प बसतात, कारण बोललं की लगेच धर्मावर जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की रांगेत उभा असलेला माणूस हिंदू असो, मुसलमान, बौद्ध, ख्रिश्चन असो नाहीतर काहीच न मानणारा असो, ते काउंटर त्याच्याही पैशातून चालतं आणि तिथे काय लावलंय, कोणाच्या परवानगीने लावलंय, खर्च कुठून झाला हे विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे. भांडण न करता, आवाज न चढवता, माहिती अधिकाराच्या अर्जाने दहा रुपयांत विचारता येतं.

आधी कायदा काय देतो आणि काय देत नाही ते नीट समजून घ्या, नाहीतर अर्ज चुकीच्या अपेक्षेने होतो. आपल्याकडे लोक पटकन अमेरिकेचं उदाहरण देतात की तिथे चर्च आणि सरकार वेगळं ठेवलंय. ते त्यांच्या राज्यघटनेच्या १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीतून आलं आणि तिथेही सरळ उत्तर नाहीये. २००५ मध्ये एकाच दिवशी त्यांच्या सुप्रीम कोर्टाने केंटकीतल्या कोर्टाच्या इमारतींमधल्या बायबलच्या दहा आज्ञांच्या पाट्या घटनाबाह्य ठरवल्या आणि टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारातला दहा आज्ञांचा दगडी स्तंभ मात्र राहू दिला. आपल्या घटनेत तशी भिंत नाही, आपल्याकडे सरकारने सगळ्या धर्मांना सारखं वागवायचं आणि स्वतःचा कुठलाच धर्म ठेवायचा नाही अशी मांडणी आहे. धर्मनिरपेक्ष हा शब्द उद्देशिकेत १९७६ ला ४२ व्या दुरुस्तीने आला, आणि १९९४ च्या बोम्मई खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे हे पक्कं केलं. कलम २७ म्हणतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायची सक्ती करता येणार नाही. पण हेही माहीत असू द्या की हज सबसिडीच्या केसमध्ये २०११ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कराचा मोठा हिस्सा एका धर्मावर जात असेल तरच हे कलम लागू होतं. त्याच वर्षी गुजरात हायकोर्टात कोर्टाच्या नव्या इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्ध एकाने याचिका केली होती, ती फेटाळली आणि वर त्यालाच वीस हजारांचा खर्च लावला. म्हणून थेट कोर्टाच्या वाटेला जाऊ नका असं मी प्रत्येकाला सांगतो, आधी कागद जमवा.

कागद जमवायचा रस्ता म्हणजे माहिती अधिकार कायदा २००५. अर्ज कोण करू शकतं तर भारताचा कुठलाही नागरिक. तुम्ही त्या ऑफिसचे ग्राहक असायलाच हवेत असं नाही, त्या वॉर्डात राहायला हवं असंही नाही. संस्था, मंडळ किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर मात्र करू नका, स्वतःच्या नावाने करा, कारण कायदा नागरिकाला हक्क देतो. कलम ६(२) प्रमाणे माहिती का हवी हे सांगायची गरज नाही, कोणी विचारलं तरी नम्रपणे नाही म्हणा. आधार कार्ड जोडा असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही, संपर्क साधता येईल एवढं नाव, पत्ता पुरे.

कुठल्या ऑफिसला करायचा हे मुंबईत जरा गुंतागुंतीचं होतं, कारण एकाच रस्त्यावर पालिका, राज्य आणि केंद्र अशा तीन वेगवेगळ्या सरकारांची ऑफिसं असतात. वॉर्ड ऑफिस, पालिकेचं हॉस्पिटल, पालिका शाळा, बेस्टचा डेपो हे सगळं महापालिकेच्या बाजूचं. पोलीस स्टेशन, तहसील, कलेक्टर ऑफिस, म्हाडा, एमएमआरडीए हे राज्याच्या बाजूचं. रेल्वे स्टेशन, पोस्ट, पोर्ट, सरकारी बँका केंद्राचं. पालिका आणि राज्याच्या ऑफिसांना महाराष्ट्राचे नियम लागतात, केंद्राच्यांना केंद्राचे. चुकून दुसरीकडे गेला तरी घाबरू नका, कलम ६(३) खाली त्यांनी पाच दिवसांत योग्य ऑफिसकडे पाठवायचा असतो. आणि तुमच्या हाउसिंग सोसायटीच्या लॉबीतल्या देवळासाठी हा कायदा सहसा चालत नाही, सहकारी संस्था सरसकट यात येत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने २०१३ ला सांगितलंय, तो विषय जनरल बॉडीत मांडा.

महाराष्ट्रात अर्जाचा नमुना जोडपत्र अ म्हणून ठरलेला आहे. फी दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा रोख भरून पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही पण दाखल्याची झेरॉक्स जोडावी लागते. राज्याचं आरटीआय ऑनलाइन पोर्टल आहे, त्यातल्या यादीत तुमचं ऑफिस दिसत असेल तर तिथून भरा, नसेल तर कागदी अर्ज. केंद्राच्या ऑफिसांसाठी वेगळं पोर्टल आहे, फी तीच दहा रुपये, कागदी अर्जाला पोस्टल ऑर्डर चालते. एक मोठा फरक लक्षात ठेवा, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा, केंद्राकडे ५०० शब्दांपर्यंत चालतो. देव्हाऱ्याचा अर्ज आणि रस्त्यावरच्या बांधकामाचा अर्ज एकत्र केला की तो परत यायला कारण मिळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काय विचारायचं. "तुम्ही सरकारी ऑफिसात देव का ठेवलाय" असं लिहिलंत तर अर्ज तिथेच संपला. का ह्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे असं मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने २००८ लाच सांगून ठेवलंय आणि अर्जाला उत्तर देणाऱ्या जनमाहिती अधिकाऱ्यांना ते पाठ असतं. मत विचारू नका, स्पष्टीकरण विचारू नका, कागद मागा. मी लोकांना साधारण असं लिहायला सांगतो:

"आपल्या कार्यालयाच्या तळमजल्यावरील नागरी सुविधा काउंटरजवळ असलेल्या देव्हाऱ्याबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात. १) देव्हारा ठेवण्यास परवानगी देणारा आदेश, टिपणी किंवा पत्र. २) त्यासाठी व वीजजोडणीसाठी झालेल्या खर्चाची बिले व मंजुरी. ३) मागील आर्थिक वर्षात कार्यालयात झालेल्या धार्मिक कार्यक्रमांसाठी दिलेली परवानगी व खर्चाचा तपशील. ४) शासकीय कार्यालयात धार्मिक प्रतिमा लावण्याबाबत आपल्या कार्यालयाकडे असलेली शासन परिपत्रके. ५) वरील नस्तीची पाहणी करण्याची परवानगी."

एवढं पुरे. जागा नेमकी लिहा, मजला, खोली नंबर, नाहीतर "बोध होत नाही" असं उत्तर येतं. भाषेत एकही टोमणा नको. चौथ्या मुद्द्याबद्दल थोडं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. राज्य सरकार दर वर्षी राष्ट्रपुरुष आणि थोर व्यक्तींच्या जयंत्यांची यादी काढतं, त्या दिवशी ऑफिसात प्रतिमेला हार घालायचा असतो, त्याला लेखी आधार आहे. आंबेडकर, फुले, शिवाजी महाराज, शाहू महाराज यांचे फोटो आणि देवदेवतांचे फोटो ह्यात हा फरक आहे आणि वाद घालणारे नेमके तोच पुसतात. देवांच्या फोटोंबद्दल २०१७ च्या जानेवारीत एक परिपत्रक निघालं होतं, शाळा आणि सरकारी ऑफिसांतून ते काढा म्हणून, त्यावर इतका गदारोळ झाला की सरकारला मागे जावं लागलं. म्हणून जुन्या परिपत्रकाची फॉरवर्ड झालेली पीडीएफ अर्जाला जोडू नका, त्यांच्याकडे आज काय आहे तेच मागा.

अर्ज दिला की पोच घ्या, आवक नंबर आणि शिक्क्यासकट. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, दुसऱ्या ऑफिसकडे पाठवला असेल तर आणखी पाच धरा. राज्याकडे पानाला दोन रुपये लागतात, पण मुदत उलटून गेली तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच ऑफिसातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जोडपत्र ब, वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यांनी तीस, जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यायचा. त्यानेही नाही झालं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, जोडपत्र क, परत वीस रुपये. तिथे वेळ लागतो, खूप लागतो, पण विनाकारण माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड होऊ शकतो तो तिथेच. केंद्राच्या ऑफिसांच्या अपिलाला फी नाही, दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे.

बहुतेक वेळा जे उत्तर येतं ते एका ओळीचं असतं, "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही". लोक हे वाचून हिरमुसतात आणि कागद फेकून देतात. अहो, हाच तर तुमचा सगळ्यात कामाचा कागद आहे! सरकार स्वतःच्या सहीशिक्क्याने सांगतंय की परवानगीचा आदेश नाही, मंजुरी नाही, परिपत्रक नाही. ह्याची झेरॉक्स जोडून ऑफिस प्रमुखाला साधं पत्र द्या की परवानगी नसताना हे सार्वजनिक जागेत आहे, कृपया हलवावे किंवा कोणत्या आदेशाने ठेवले ते लेखी कळवावे. राज्य सरकारच्या ऑफिसात फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, २००५ चाच दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे, पत्रात त्याच्या कलम १० चा उल्लेख करा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, स्वतः काहीही काढायला, झाकायला जाऊ नका. फोटो व्हायरल करू नका, शिपायाशी वाद घालू नका, तो देव्हारा बऱ्याचदा त्याच शिपायाने मनापासून जपलेला असतो आणि त्याची श्रद्धा तुमच्या निशाण्यावर नाहीये. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९८ आणि २९९ खाली पूजेच्या वस्तूची विटंबना आणि मुद्दाम धार्मिक भावना दुखावणं हे गुन्हे आहेत, कोणी तुमच्यावर तसा आरोप करेल अशी जागाच ठेवू नका. दसऱ्याच्या झेंडूच्या तोरणावर किंवा नाताळच्या एका स्टारवर अर्ज करू नये असंही माझं मत आहे, ते दोन दिवसांत उतरतं. कायमचं बसलेलं आणि सरकारी पैशातून चाललेलं जे आहे त्यावर जोर लावा.

फुटपाथवरच्या, बागेतल्या, सरकारी प्लॉटवरच्या धार्मिक बांधकामांचा रस्ता थोडा वेगळा. सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २००९ ला आदेश दिला की सार्वजनिक रस्ते, बागा, जागा इथे नवीन मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा होऊ द्यायचं नाही. जुन्यांचं काय करायचं त्यासाठी महाराष्ट्राने ५ मे २०११ ला शासन निर्णय काढला आणि वर्गवारी ठरवली, नियमित करण्याजोगी, पाडायची आणि दुसरीकडे हलवायची. वॉर्ड ऑफिसला अर्जात विचारा की अमुक ठिकाणचं बांधकाम कुठल्या वर्गात आहे आणि यादीची प्रत द्या. यादीत नावच नसेल आणि बांधकाम नवं असेल तर पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार करून नंबर लिहून ठेवा.

शाळेचा विषय मी मुद्दाम शेवटी घेतोय कारण तिथे कायदा सगळ्यात स्पष्ट आहे आणि तिथेच पालक सगळ्यात जास्त घाबरतात. कलम २८(१): जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, म्हणजे पालिकेच्या शाळा, तिथे धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही. कलम २८(३): जी शाळा मान्यताप्राप्त आहे किंवा अनुदान घेते, ती मिशनची असो, संस्थेची असो, ट्रस्टची असो, तिथे धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायची सक्ती करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. संतांचा धडा, वेगवेगळ्या धर्मांची ओळख हे त्यात येत नाही, ते शिकवायला कोर्टाने मोकळीक दिली आहे, त्यावर तक्रार करू नका. पण पूजेला बसवणं, एका धर्माची प्रार्थना म्हणायला लावणं, न म्हटल्यास वर्गाबाहेर उभं करणं हे चालणार नाही. केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभं राहून फक्त गायले नाहीत म्हणून शाळेतून काढलं होतं, १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं, तिथेही मुद्दा मुलांच्या श्रद्धेचाच होता.

पालकांनी मुख्याध्यापकांना एक पानी पत्र द्यायचं, फी नाही, स्टॅम्प नाही, नमुना नाही. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी लिहा आणि खाली: "घटनेच्या कलम २८(३) नुसार माझ्या पाल्याने शाळेतील कोणत्याही उपासनेत किंवा धार्मिक शिक्षणात सहभागी होण्यास माझी संमती नाही. त्या वेळेत त्याला इतर मुलांपासून वेगळे न बसवता वाचनालयात किंवा वर्गात थांबू द्यावे व या कारणाने त्याच्याशी भेदभाव होऊ नये." वेगळे न बसवता हे शब्द गाळू नका, लहान मुलाला शिक्षेपेक्षा एकटं पडणं जास्त लागतं. पालिकेची शाळा असेल तर पत्रात कलम २८(१) लिहा आणि संमतीचा प्रश्नच येत नाही असं म्हणा. दोन प्रती न्या, एकीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्या, पोच देत नसतील तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत पालिकेच्या शाळेसाठी पालिकेच्या शिक्षण विभागाला, बाकी शाळांसाठी तुमच्या भागाच्या शिक्षण निरीक्षकांना द्या. वर्गातले आणखी दोनतीन पालक तयार असतील तर प्रत्येकाने आपापलं वेगळं पत्र द्यावं, एकाच कागदावर सगळ्यांच्या सह्या नकोत, म्हणजे शाळेला प्रत्येक पत्राचं उत्तर वेगळं द्यावं लागतं आणि एका घराने माघार घेतली तरी बाकीच्यांचे अर्ज उभे राहतात.