‘विद्युतीकृत गाव’ : एका शब्दाची पार्श्वभूमी

खेड्यातली उपजीविका, पर्यावरणाचा धोका आणि वीज यांचा एकत्र अभ्यास ही तशी अलीकडची गोष्ट. त्याआधी पीक शेतीच्या अभ्यासकांकडे असायचे, चुलीचा धूर डॉक्टरांकडे, वीज केंद्रांची राख प्रदूषणवाल्यांकडे आणि वीज अभियंत्यांकडे. नागपूर जिल्ह्यात या चारही गोष्टी अनेकदा एकाच घरात भेटतात, तरी हे तुकडे पडले. त्याचे एक मोठे कारण ‘विद्युतीकृत गाव’ या शब्दात आहे.

साठच्या दशकातल्या दुष्काळानंतर ग्रामीण विजेचा अर्थ शेतपंप असा झाला. 1969 मध्ये यासाठी कर्ज देणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असली की ते गाव विद्युतीकृत, अशी तेव्हाची व्याख्या होती. धुऱ्यावरच्या एका विहिरीवर मोटर बसली की कागदावर गाव उजळले, घरांत रॉकेलचा दिवा असला तरी. 1997 मध्ये ‘वस्तीच्या आत’ ही अट आली. 2004 मध्ये व्याख्या पुन्हा बदलली: वस्तीत आणि दलित वस्तीत डीपी (ट्रान्सफॉर्मर) व तारा हव्यात, शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज हवी आणि किमान 10 टक्के घरांत जोडणी हवी.

दलित वस्तीचे नाव व्याख्येत वेगळे लिहावे लागले. तार कुठे थांबत होती, हे त्या दोन शब्दांवरून कळते. आणि 10 टक्के म्हणजे शंभर घरांच्या गावात दहा घरे. उरलेली नव्वद अंधारात असली तरी गाव यादीत ‘पूर्ण’. मोजणी गावाची होती, माणसांची नव्हती, आणि कित्येक वर्षे संशोधनही याच आकड्यांवर उभे राहिले.

2017 पासून घरागणिक जोडणी मोजली जाऊ लागली. 28 एप्रिल 2018 ला देशातले सगळ्यात शेवटचे गावही जोडले गेल्याचे जाहीर झाले. त्याआधी, 2015 च्या सुमारास, घराला वीज कितपत मिळते हे मोजायला जागतिक पातळीवर 0 ते 5 अशा पायऱ्या आल्या होत्या. वीज दिवसात किती तास, संध्याकाळी किती तास, दाब किती, वारंवार जाते का, हे त्यात विचारले जाते. सर्वांत वरच्या पायरीला 23 तास लागतात. ही मोठी सुधारणा होती. तरीही घरासाठीच्या या पायऱ्यांत शेतावरची रात्र येत नाही.

रामटेक-पारशिवनीकडे हरभऱ्याला पाणी द्यायचे तर पंपाला लागणारी थ्री फेज लाईन कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी आली की डिसेंबरच्या थंडीत, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्यात काठी घेऊन माणूस पाण्याचे दांड (पाट) फोडत फिरतो. पेंचचे जंगल शेजारी आहे. साप, रानडुक्कर, बिबट्या, कधी वाघ. ही जोखीम वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकातून येते, पण तिची नोंद वनखात्याच्या भरपाईच्या कागदात होते.

तशीच चूल. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983 ते 2002 चालला, 2016 मध्ये गॅसजोडणीची योजना आली. पण पऱ्हाटी आणि तुराट्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्या, फुकट असतात, सिलिंडर भरायला पैसे लागतात. म्हणून गॅस आला तरी चूल पेटतेच.

राखेचा प्रश्न मात्र थेट विजेच्या जन्माचा. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांत जळणाऱ्या देशी कोळशात साधारण 30 ते 45 टक्के राख असते. जुलै 2022 मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला. राखमिश्रित पाणी शेतांत शिरले आणि नद्यांत उतरले. ज्या कन्हानचे पाणी नागपूर पिते, तिच्यापर्यंत ते गेले. वीज कोणाला किती मिळते, हे मोजणाऱ्या तक्त्यांत अशा गावांच्या शेतावरची राख अजूनही बसत नाही.

2017 मध्ये राज्याने शेतीचे फीडर (शेतपंपांना वीज नेणाऱ्या वाहिन्या) सौर विजेवर आणून दिवसा पुरवठा द्यायचे ठरवले. रात्रपाळी संपण्याची ही पहिली खरी शक्यता होती. त्यातून नवा प्रश्न आला तो काटोल-नरखेडच्या संत्रा बागांत. आंबिया बहार (हिवाळ्याच्या अखेरीस येणारा संत्र्याचा फुलोरा) टिकवायला भर उन्हाळ्यात पाणी लागते आणि तिथे विहिरी आधीच खोल गेल्या आहेत. दिवसा, जवळपास फुकट मिळणाऱ्या विजेने बोअर किती तास चालेल, यावर आता अभ्यास सुरू आहेत.