तोंड येते ते उष्णतेने नव्हे

उन्हाळा सुरू झाला की सांगलीच्या बाजारात सब्जा आणि गुलकंदाला मागणी येते, आणि औषधांच्या दुकानात "तोंड आलंय, बी कॉम्प्लेक्स द्या" असे म्हणणारे गिऱ्हाईक दिवसभर येत राहते. दोन्हींमागचे गृहीत एकच असते, की पोटात उष्णता झाली आणि ती तोंडात उमटली. शरीराचे तापमान मात्र बारा महिने ३७ अंशांच्या आसपासच असते, आणि पोटातली उष्णता ओठाच्या आतल्या बाजूला नेऊन सोडणारी कोणतीही वाट शरीरात नाही.

खालचा ओठ उलटवून आरशात पाहिले, तर मसुराच्या डाळीएवढी उथळ खळगी, तिच्या तळाशी पिवळसर पांढरा थर आणि भोवती लालबुंद कडा दिसते. तो थर म्हणजे पू नव्हे; रक्त गोठताना तयार होणाऱ्या फायब्रिन या प्रथिनाचे ते जाळे असते. असे व्रण ओठ व गालांच्या आत, जिभेच्या कडेला आणि जिभेखाली होतात, पण टाळूच्या कडक भागावर किंवा दातांना चिकटलेल्या हिरडीवर सहसा होत नाहीत, कारण तिथल्या आवरणावर केराटिनचा टणक थर असतो. ते संसर्गजन्यही नाहीत, त्यामुळे घरात ताट-वाटी वेगळी ठेवण्याचे कारण नाही.

खरी हकीकत त्या आवरणाच्या आत घडते. तोंडात रोज शेकडो प्रकारचे जिवाणू आणि अन्नातली परकी प्रथिने येतात, आणि रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांतल्या बहुतेकांकडे दुर्लक्ष करायला शिकलेली असते. काहींच्या बाबतीत हा संयम मधूनच सुटतो. ब्रश लागणे, गाल चावला जाणे किंवा भडंगातल्या कडक शेंगदाण्याने ओरखडा उठणे एवढे निमित्तही पुरते. त्या जागी जमलेल्या टी-पेशी (रोगप्रतिकारक यंत्रणेतील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आपल्याच आवरणातील पेशींना शत्रू समजतात. व्रण दिसण्याच्या एक-दोन दिवस आधी जाणवणारी चुरचुर ही याच हालचालीची खूण असते. या पेशी टीएनएफ-अल्फा नावाचे संदेशद्रव्य सोडतात, त्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर चिकट होते, वाहत्या रक्तातील आणखी पांढऱ्या पेशी तिथे अडकून ऊतीत उतरतात, आणि त्यांतल्या मारक टी-पेशी आवरणातील पेशींना आत्मनाशाचा आदेश देतात. थॅलिडोमाइड हे औषध टीएनएफ-अल्फाची निर्मिती घटवते, आणि एरवी न बरे होणारे मोठे व्रण त्याने भरून येतात, हा या साखळीचा भक्कम पुरावा आहे. अर्थात गर्भात गंभीर व्यंगे निर्माण करणारे हे औषध अगदी शेवटचा उपाय म्हणूनच वापरतात.

आवरण गेले की खालचे मज्जातंतू उघडे पडतात. मिरचीतील कॅप्सायसिन त्यांच्यावरील ज्या ग्राहक-प्रथिनाला डिवचते, तेच प्रथिन सुमारे ४३ अंशांपुढील उष्णतेलाही प्रतिसाद देते, म्हणून तिखट घासाने तिथे भाजल्यासारखेच वाटते. जाणीव उष्णतेची असते, उष्णता मात्र तिथे नसते.

पुढे सात ते चौदा दिवसांत कडेच्या पेशी सरकत येऊन खळगी झाकतात आणि बहुधा वणही उरत नाही. सगळे घरगुती उपाय यशस्वी ठरतात ते इथेच. दुखणे असह्य झाल्यावर कोणी जाईचा पाला चघळतो, कोणी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतो, आणि आपोआप बऱ्या होणाऱ्या व्रणाचे श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. सरसकट जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचेही तसेच आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोजच्या मल्टीव्हिटॅमिनने व्रण कमी झाले नाहीत. याउलट २००९ मधील इस्रायलच्या एका छोट्या चाचणीत सहा महिने रोज १००० मायक्रोग्रॅम बी-१२ जिभेखाली ठेवणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक अखेरीस व्रणमुक्त होते, आणि औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश होते. वारंवार तोंड येणाऱ्याने, विशेषतः शाकाहारी असल्यास, बी-१२, लोह आणि फोलेट यांची रक्ततपासणी करून घ्यावी ती यासाठी. फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट वापरून पाहणेही योग्य.

प्रत्यक्ष उपचार रोगप्रतिकारक पेशींच्या या चढाईला शांत करणारा हवा. डॉक्टरांच्या सल्ल्याने ट्रायअॅमसिनोलोन या स्टेरॉइडचे ०.१ टक्क्याचे मलम, जागा कापसाने टिपून, चुरचुर सुरू होताच रात्री झोपताना लावले तर सर्वाधिक उपयोग होतो. सोबत कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या पुरेत. चुना लावणे किंवा अॅस्पिरिनची गोळी व्रणावर धरून ठेवणे टाळावे. त्याने आवरण आणखी भाजते.

आपल्या भागात एक गोष्ट विशेष सांगायला हवी. मिश्री किंवा तंबाखू सोडली की तोंड येते, ही तक्रार खरी आहे, कारण तंबाखूने आवरणावर चढलेला केराटिनचा थर उतरतो. हा त्रास तात्पुरता असतो, पण त्याला कंटाळून अनेक बायका पुन्हा मिश्रीकडे वळतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तीच तंबाखू आहे. एकाच जागी तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला, कडा टणक झालेला व्रण, मग तो दुखत नसला तरी, दंतवैद्याला दाखवावा; जागा बधिर करून त्याचा छोटा तुकडा तपासणीसाठी काढता येतो.