रॅपिड बुद्धिबळाच्या डावात वेळ कुठे खर्च करायचा?

नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ मध्ये ग्रँड स्विस जिंकली, ती क्लासिकल, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या डावांची स्पर्धा. शहरातल्या रविवारच्या रॅपिडचं, म्हणजे कमी वेळाच्या डावांचं, गणित निराळं. समजा, प्रत्येकाला १५ मिनिटे आणि दर चालीला १० सेकंद वाढीव. ४० चालींच्या डावात वाट्याला २१ मिनिटे ४० सेकंद येतात, म्हणजे चालीमागे साडेबत्तीस सेकंद. मुरलेला खेळाडू ही सरासरी मुळीच पाळत नाही. पाठ असलेल्या ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीची, प्रत्येक चाल तो दहा सेकंदांच्या आत खेळत जातो आणि बाराव्या चालीला त्याच्या घड्याळात १५ पेक्षा जास्त मिनिटे असतात.

हा साठा मोडायचा तो मधली प्यादी भिडल्यावर. मारायचं, पुढे सरकवायचं की ताण तसाच ठेवायचा? प्यादं मागे येत नाही, म्हणून इथे सलग दोन मिनिटे गेली तरी चालतील. सरळसोट मारामारीत परत मारायला चाळीस सेकंद घालवणं मात्र उधळपट्टी.

बाकीच्या चाली झटपट सुचतात त्या ओळखीमुळे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून पट पुन्हा मांडायला लावला. मास्टरला सुमारे १६ सोंगट्या आठवल्या, नवख्याला चार. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्यावर मास्टरची आघाडी जवळपास संपली. तो सुट्या सोंगट्या नाही, त्यांचे ओळखीचे गट लक्षात ठेवतो.

पण ओळखीत न बसणारी चाल, विशेषतः घोड्याची किंवा उंटाची मागे येणारी, त्यामुळेच निसटते. वेळ संपत आला की आधी प्रतिस्पर्ध्याचे सगळे शह बघावेत, मग मारता येण्याजोग्या सोंगट्या.

अंतिम डावात समोर हत्ती आणि एक प्यादं, आपल्याकडे नुसता हत्ती असेल, तर गणित करत बसू नये. राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत. प्यादं त्या रांगेत आलं की हत्ती थेट पटाच्या पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडू फिलिडोरची ही बरोबरी दहा सेकंदांवर निभते.

शेवटच्या घाईत प्यादं आठव्या रांगेत ठेवून, वजीर न मांडताच घड्याळ दाबलं जातं. ती बेकायदा चाल; समोरच्याला दोन मिनिटे मिळतात. दुसऱ्यांदा बेकायदा चाल झाली की सहसा डावच जातो. वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचांना बोलवावं. हत्ती उलटा ठेवून भागत नाही, तो हत्तीच धरतात.