टोलची 'वसुली' म्हणजे नेमकी कशाची वसुली? थोडी पार्श्वभूमी

टोलचा विषय निघाला की गाडी लगेच फास्टॅगवर नाहीतर कोल्हापूरवर येते, पण आजचा गुंता कळायला १९९६ ते २००४ एवढीच वर्षं नीट बघितली तरी पुष्कळ. टोल त्याआधीही होता, इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८७५ लाच रस्ते आणि पुलांवरच्या टोलचा कायदा केलाय, पण ते राहू दे.

९५ ला राज्यात सत्ता बदलली आणि मुंबईत ५५ उड्डाणपूल आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे असं दोन्ही एकदम करायचं ठरलं, तिजोरीत तेवढे पैसे नसताना. एक्स्प्रेसवेसाठी एका बड्या उद्योगसमूहाचं ३६०० कोटींचं टेंडर आलं होतं, ते नाकारलं आणि १९९६ ला काढलेल्या राज्य रस्ते विकास महामंडळाने बाजारातून कर्ज उचलून रस्ता बांधला, साधारण १६३० कोटींत. २००२ मध्ये पूर्ण झाला. इथपर्यंत मला तरी यात नाव ठेवण्यासारखं काही दिसत नाही, उलट धाडसच म्हणायचं. कर्ज काढा, रस्ता बांधा, टोलमधून फेडा, हिशोब कुणालाही कळेल असा.

उड्डाणपुलांचं मात्र तेव्हाच वाकडं झालं. प्रत्येक पुलावर नाका लावला तर पूल बांधून उपयोग काय, म्हणून नाके बसवले शहराच्या वेशीवर, दहिसर, मुलुंडला दोन, ऐरोली आणि वाशी. म्हणजे दादरहून अंधेरीला रोज पुलांवरून जाणारा फुकट, आणि मुलुंडला डॉक्टरकडे येणारा ठाणेकर टोल भरणार. ठाणेकरांचा राग तेव्हापासूनचा आहे.

आता खरा वादाचा निर्णय, २००४ चा. महामंडळाने एक्स्प्रेसवेच्या पुढच्या १५ वर्षांच्या टोलचे हक्क ९१८ कोटी रोख घेऊन एका कंपनीला दिले, जोडीला जुना मुंबई-पुणे हायवे चौपदरी करायचं काम आणि दोन्ही रस्त्यांची देखभाल. इथून 'वसुली' या शब्दाचा अर्थच बदलला. आधी वसुली म्हणजे रस्त्याचा खर्च, तो वसूल झाला की टोल बंद, निदान लोकांनी तसंच धरलं होतं. नंतर वसुली म्हणजे कंपनीने आगाऊ भरलेले पैसे, त्यावरचं व्याज, देखभाल, नफा. करारात १५ वर्षांत २८६९ कोटी जमतील असा अंदाज होता, तो आकडा २०१६ मध्येच पार झाला असं माहिती अधिकारवाल्यांनी मांडलं. मग टोल बंद करा म्हणून ओरडा सुरू झाला, तर उत्तर आलं की करार मुदतीचा आहे, रकमेचा नाही. कागदावर बरोबरच आहे म्हणा, पण 'पैसे वसूल झाले' हे वाक्य दोन्ही बाजू वेगवेगळ्या अर्थाने बोलत होत्या आणि सरकारात बसलेल्या कुणीच, कुठल्याही पक्षाचा असो, ते सरळ फोड करून सांगितलं नाही.

दरवाढही तिथेच ठरलेली. वर्षाला ६ टक्के, पण लागू तीन वर्षांतून एकदाच, एकदम १८. माझ्या गाडीच्या खणात जुन्या पावत्या आहेत, शाई उडालीय पण आकडे दिसतात, १९५, मग २३०, मग २७०. २०२३ ला कारला ३२० झाले, फक्त पावती नाही, मोबाईलवर मेसेज. प्रत्येक वाढीला टीव्हीवर 'सरकारचा नवा दणका' चालतं, तो दणका २००४ लाच दिलेला असतो.

मग २०१० ला हाच फॉर्म्युला मुंबईच्या पाच नाक्यांना लावला, २१०० कोटी आगाऊ घेऊन १६ वर्षांसाठी. कोल्हापुरात तर हायवे सोडून शहरातल्याच जवळपास ५० किलोमीटर रस्त्यांना टोल लावला, तिथे २०१४ ला नाके पेटले आणि शेवटी २०१५ च्या अखेरीस टोल गेला. त्याच वर्षी १ जूनपासून राज्यातले १२ नाके बंद आणि आणखी ५३ नाक्यांवर कार, जीप आणि एसटीला सूट मिळाली. एक्स्प्रेसवे आणि मुंबईचे पाच नाके मात्र यातून वगळले, जिथे सगळ्यात जास्त पैसा होता नेमके तेच.

याला 'टोलमुक्ती' म्हणायची पद्धत पडलीय, पण कंत्राट तोडलं किंवा सूट दिली की कंत्राटदाराला भरपाई द्यावी लागते, ती बजेटमधून जाते, म्हणजे कार नसलेलाही त्यात आला. ऑक्टोबर २०२४ ला, विधानसभा तोंडावर असताना, मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना माफी झाली. ट्रक अजून भरतात, त्यामुळे बूथ जागेवरच आहेत. आणि एक्स्प्रेसवेचं २०२० ला नवीन कंत्राट झालं, या वेळी रक्कम ८२६२ कोटी, कंत्राट २०३० पर्यंत, टोलची मुदत मात्र २०४५ पर्यंत.