पार्श्वभूमी: संशोधनाचा पैसा आणि सोलापूरचा रोजगार

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळे होऊन सोलापूर विद्यापीठ 2004 मध्ये सुरू झाले. संशोधनावरचा सरकारी पैसा मात्र या जिल्ह्यात सत्तर वर्षे आधीच आला होता. 1933 साली इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च या ब्रिटिशकालीन सरकारी शेती संशोधन संस्थेच्या निधीतून येथे कोरडवाहू शेतीवर संशोधन सुरू झाले. त्याच दशकात जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्राने मालदांडी या गावरान ज्वारीतून एम 35-1 हे वाण निवडले. रब्बी ज्वारीचे नवे वाण आजही त्याच्याशीच ताडून पाहतात.

कापडाच्या वाट्याला हे आले नाही. 1877 मध्ये 'जुनी गिरणी' या नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली आणि सोलापूर गिरणगाव झाले. स्वातंत्र्यानंतर वस्त्रोद्योगाच्या मोठ्या संशोधन संस्था निघाल्या त्या अहमदाबाद, मुंबई आणि कोइमतूरला. पुढे इथल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यामागची कारणे अनेक आहेत, केवळ संशोधनाच्या अभावावर बोट ठेवणे बरोबर नाही. तरीही चादर आणि टॉवेल यांवर जगणाऱ्या शहराला त्या तोडीची एक संस्था मिळायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते.

डाळिंबाची गोष्ट वेगळी आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'भगवा' वाण दिला आणि सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या हलक्या, मुरमाड रानांत बागा वाढल्या. फळांवर तेलकट डाग पाडणाऱ्या तेल्या रोगाने बागायतदार हैराण असतानाच, 2005 मध्ये, सोलापूरजवळच्या केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. अशा केंद्रात थेट नोकऱ्या मोजक्याच असतात. खरे काम मिळते ते बाहेर: रोपवाटिकेत, छाटणीला, प्रतवारीला, पॅकिंगला, गाडीभाड्याला. म्हणून रोग आला की बागायतदाराच्या आधी मजुराचा रोज बुडतो. झाड वाळवणारा मर रोग आणि खोडकिडीने सांगोल्यात बागा उपटाव्या लागल्या तेव्हा हेच झाले. संशोधनाला निधी एकदा देऊन भागत नाही, तो वर्षानुवर्षे चालू ठेवावा लागतो.

राज्य विद्यापीठांची अडचण इथेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातील कलम 12 (ब) ची मान्यता मिळाल्याशिवाय केंद्राच्या अनुदानाचे दार उघडत नाही. ती मिळाल्यावरही प्रकल्प ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपली की प्रकल्पावरची शिकलेली पोरे पुण्याची वाट धरतात. 2023 च्या कायद्याने, देशातल्या संशोधनाला निधी देण्यासाठी, अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. त्यासाठी पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांची तरतूद अपेक्षित असून त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. सोलापुरात तो देऊ शकतील असे यंत्रमागधारक आणि साखर कारखाने आहेत, पण त्यांच्याशी करार करायला विद्यापीठालाच पुढे यावे लागेल.