मागचं चाक हलता कामा नये

ट्रायल्स हा सायकलिंगचा असा प्रकार आहे, ज्यात वेगाला काडीची किंमत नाही. पाय जमिनीला न टेकवता दगडांवरून, कठड्यांवरून, ओंडक्यांवरून उड्या मारत पुढे जायचं. बसण्याचा प्रश्नच येत नसल्याने यातल्या बऱ्याच सायकलींना सीटही नसते. वांद्र्याला बँडस्टँडपाशी ओहोटीला उघडा पडणारा काळा कातळ या खेळासाठी झकास आहे, अर्थात शेवाळाचा पट्टा सोडून. अशा जागी कुणी नुसत्या मागच्या चाकावर तोल सांभाळत उड्या मारताना दिसलं, तर लोक त्याचे पाय बघत बसतात. खरं काम चाललेलं असतं ब्रेकवरच्या एका बोटाचं.

आपल्या रोजच्या सायकलचा ब्रेक गतीची उष्णता करतो आणि चाक हळूहळू थांबवतो. ट्रायल्समध्ये चाक आधीच थांबलेलं असतं. त्याने पुढे किंवा मागे सुतभरही फिरू नये, एवढीच ब्रेककडून अपेक्षा. ते उडी घेताना जरा जरी सरकलं तरी तोल गेलाच म्हणून समजा. इथे उष्णता जवळजवळ निर्माणच होत नाही. म्हणजे लांब उतारावर डिस्क ब्रेकला, म्हणजे चाकाच्या मध्याला लावलेली चकती धरणाऱ्या ब्रेकला, जो मोठा फायदा मिळतो, तो इथे कामाचा नाही. 26 इंची ट्रायल्स सायकलींच्या मागच्या चाकावर अजूनही बरेच जण रिम ब्रेक (चाकाची बाहेरची कड, म्हणजे रिम, दोन्ही बाजूंनी धरणारा), तोही हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा, का पसंत करतात त्याचं मूळ इथे आहे.

थोडा हिशेब करू. स्वार आणि सायकल मिळून 75 किलो धरू, आणि सगळं वजन मागच्या चाकावर. टायरची पकड चांगली असेल तर घसरण्यापूर्वी जमीन टायरला साधारण 60 किलो वजनाइतक्या जोराने ढकलू शकते. टायरची बाहेरची त्रिज्या सुमारे 34 सेंटिमीटर. रिमवर पॅड, म्हणजे ब्रेकचे ठोकळे, जिथे टेकतात तिथली त्रिज्या साडेसत्तावीसच्या आसपास. तेव्हा चाक धरून ठेवायला रिमवर 74 किलो वजनाइतकं घर्षण पुरतं. 160 मिलिमीटरच्या डिस्कवर पॅडची त्रिज्या जेमतेम 7 सेंटिमीटर, त्यामुळे तिथे तेच काम करायला 290 किलोच्या आसपास घर्षण लागतं. दार कडीपाशी न ढकलता बिजागरीजवळ ढकलून बघा, फरक मनगटाला कळेल. शिवाय हा आकडा नुसतं उभं राहण्याचा आहे, उंचावरून उडी टाकल्यावर तो आणखी चढतो.

डिस्कवाले म्हणतील, मोठे पिस्टन लावून तेवढा जोर आम्हीही काढतो. बरोबर आहे, काढतात. पण मला विचाराल तर खरी अडचण जोराची नाहीच, लवचिकतेची आहे. डिस्क असते हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आणि हबचा पीळ टायरपर्यंत पोहोचतो तो स्पोकमधून. बारीक तारा ताणल्या जातात आणि रिम हबच्या तुलनेत किंचित फिरते. त्यात कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यात, पॅडला थोडी मोकळीक असतेच. भार पुढून मागे उलटला की पॅड खट्कन सरकतो, आणि तो झटका स्वाराच्या पायांत येतो. रिम ब्रेक थेट रिमलाच धरतो. स्पोकचा संबंध उरत नाही.

अर्थात त्याचंही एक दुखणं आहे. पॅड रिमला जेवढ्या जोराने दाबतात, तेवढ्याच जोराने फ्रेमच्या मागच्या दोन नळ्या बाहेर ढकलल्या जातात. हाताने जोरात ब्रेक दाबून मागून बघा, नळ्या फाकताना डोळ्यांना दिसतात. त्या फाकण्यात गेलेला जोर पकडीत येत नाही. यावर उपाय म्हणजे बूस्टर, दोन्ही बाजू एकमेकींना बांधणारी घोड्याच्या नालेच्या आकाराची पट्टी. ब्रेकवर हजारो रुपये घालून बूस्टरवर काटकसर करणं मला तरी पटत नाही.

जर्मनीतल्या माग्युरा कंपनीने 1987 साली हायड्रॉलिक रिम ब्रेक बाजारात आणला. तिचा एचएस 33 हा ट्रायल्सवाल्यांच्या तोंडी कायम असतो. तत्त्व पास्कलचं: बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. लिव्हरकडचा पिस्टन लहान आणि रिमकडचे मोठे ठेवले की बोटाचा जोर कित्येक पट होतो. मात्र फुकट काही मिळत नाही. जोर वाढला की पॅडची हालचाल तेवढीच घटते, म्हणून पॅड रिमपासून केसभर अंतरावर लावावे लागतात. आणि म्हणून चाकात वाक अजिबात चालत नाही. ब्रेकच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तोच आधी दबतो आणि लिव्हर स्पंजासारखा लागतो. बुडबुडे काढायला औषधाच्या दुकानातली सिरिंज आणि थोडा संयम पुरतो. केबलच्या ब्रेकपेक्षा आपल्याकडे आणखी एक सोय: पावसाळ्यात केबलच्या नळीत शिरणारा गंज आणि चिखल इथे नाही.

रिमच्या पृष्ठभागाबद्दल दोन पंथ आहेत. एक पंथ गुळगुळीत रिमवर डांबराचा पातळ थर घासतो. कोरड्यात पकड जबरदस्त, ओल्यात बेभरवशाची. दुसरा पंथ अँगल ग्राइंडरने रिमवर बारीक, जवळजवळ आडव्या रेघा पाडतो. मऊ पॉलियुरेथेनचा पॅड या रेघांत रुततो आणि पकड निव्वळ घर्षणावर राहत नाही, पॅड चक्क अडकून बसतो. ब्रेक लागताना किंचाळतो, पॅड झिजतात, रेघा बोथट झाल्या की पुन्हा ग्राइंडर फिरवावा लागतो आणि दर वेळी रिमची भिंत थोडी पातळ होते. तरीही जूनपासून पुढचे चार महिने ज्या शहरात पाऊस पडतो, तिथे मी ग्राइंडरच्याच बाजूने आहे. ग्राइंडरच्या चकत्या मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात.

तेलाच्या बाबतीत मात्र जपा. या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. गॅरेजवाला गाडीचं ब्रेक ऑइल देऊ करील, ते घातलंत तर आतले रबरी सील फुगून खराब होतील. काही ट्रायल्सवाले तेलाऐवजी पाणी आणि कूलंट, म्हणजे गाडीच्या इंजिनात घालतात ते पाणी गोठू न देणारं द्रव, भरतात. पाणी तेलापेक्षा पातळ, त्यामुळे लिव्हर झटकन परततो. मुंबईत पाणी गोठायचा प्रश्न नाही, पण कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनंही असतात, नुसत्या नळाच्या पाण्यात नसतात. हे सगळं कंपनीच्या सल्ल्याबाहेरचं आहे, वॉरंटीची आशा सोडूनच करायचं.

आणि ब्रेक मागवण्याआधी फ्रेम बघा. मागच्या नळ्यांवर प्रत्येकी दोन बोल्टची बैठक असेल तर उत्तम. नुसत्या केबलवर चालणाऱ्या व्ही-ब्रेकच्या खुंट्या असतील तर अडॅप्टर लागेल. फक्त डिस्कची सोय असेल तर हा ब्रेक बसणारच नाही, मग चांगल्या डिस्कवरच पैसे घाला. पुढच्या चाकाला तसंही अनेक जण डिस्कच लावतात.