मेदस्नेहिता

मेदस्नेहिता म्हणजे पाण्यापेक्षा तेलात किंवा मेदात विरघळण्याकडे असलेला संयुगाचा कल. गिळलेल्या औषधाला पेशींची मेदयुक्त पटले ओलांडावी लागतात, म्हणून औषध घडवताना हा गुण फार आधी तपासतात. ऑक्टेनॉल (पाण्यात न मिसळणारे तेलकट अल्कोहोल) आणि पाणी एकत्र घुसळून संयुग कोणत्या थरात किती उतरले ते मोजतात. ऑक्टेनॉल आणि पाणी यांतील संहतींच्या (द्रावणातील प्रमाणांच्या) गुणोत्तराचा लॉगॅरिदम म्हणजे ‘लॉग पी’. तो 2 असेल तर संयुग ऑक्टेनॉलमध्ये शंभरपट जास्त.

कोकणात ही गोष्ट आधी बोटांना कळते. ओले काजूगर काढताना चीक लागला की दोन-चार दिवसांत हाताची सालटी निघतात. म्हणून खोबरेल किंवा राख फासूनच सोलायला बसतात. चिकातले अ‍ॅनाकार्डिक आम्ल हे मुळात सॅलिसिलिक आम्लच (ज्यापासून अ‍ॅस्पिरिन बनते ते), फक्त त्याच्या सहा कार्बनांच्या वलयाला पंधरा कार्बनांची शेपटी लागलेली. ती पाण्याला जुमानत नाही, कातडीतल्या मेदात मुरते. बिब्बा उततो त्यामागेही अशीच लांब शेपटी आहे.

बेंझिनच्या वलयाला जोडलेला प्रत्येक गट (अणूंचा जुडगा) लॉग पी किती हलवतो, याचे अंक हान्श आणि फुजिता या रसायनशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये मांडले. बेंझिनचा लॉग पी 2.13. मिथिल गट त्यात सुमारे 0.56 ची भर घालतो, क्लोरीन 0.71 ची, ट्रायफ्लुओरोमिथिल 0.88 ची. हायड्रॉक्सिल 0.67 ने उतरवतो, अमिनो 1.23 ने. मेथॉक्सी जवळजवळ तटस्थ.

ही बेरीज-वजाबाकी नेहमी जुळत नाही. सॅलिसिलिक आम्लात हायड्रॉक्सिल कार्बॉक्सिलच्या (आम्लपणा देणाऱ्या गटाच्या) शेजारी असल्याने दोघे आपसातच हायड्रोजन बंध करतात, पाण्याला वाव कमी राहतो. लॉग पी 2.26. तोच हायड्रॉक्सिल समोरच्या टोकाला नेला की 1.58. शिवाय हे आकडे विद्युतभार नसलेल्या रेणूचे. रक्तात सॅलिसिलिक आम्ल जवळजवळ पूर्ण आयनरूपात असते आणि आयनांना पाणीच मानवते.

मेदस्नेहिता फार वाढली तर औषध पाण्यात विरघळत नाही, यकृतही ते लवकर मोडते. औषधरसायनशास्त्रज्ञ लिपिन्स्की यांनी 1997 मध्ये तोंडाने घ्यायच्या औषधांसाठी लॉग पी 5 ही ढोबळ कमाल मर्यादा सुचवली. अ‍ॅनाकार्डिक आम्ल तिच्या बरेच पलीकडे आहे. काजूबी भाजताना त्यातला कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो, आणि त्याबरोबर सहज आयन होण्याची सोयही. उरते ते कार्डेनॉल. ते औषधाकडे नव्हे, रंगांकडे आणि ब्रेकच्या अस्तरांकडे जाते.